सहिष्णुता पुरेशी आहे का?

सर्व धर्मांविषयी सहिष्णुता बाळगावी, असे आपण सत्संगात नेहमी ऐकतो. शब्द चांगलाच आहे. पण १७७६ मध्ये अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्याचा हक्कांचा जाहीरनामा लिहिला जात असताना तो जेम्स मॅडिसन या पंचविशीतल्या तरुणाला खटकला. जॉर्ज मेसन यांच्या मसुद्यात धर्माबाबत ‘सहिष्णुता’ होती. मॅडिसनच्या आग्रहामुळे तिच्या जागी आले ते असे: आपल्या सदसद्विवेकबुद्धीनुसार धर्माचरण करण्याचा सर्वांना समान हक्क आहे. सहन करणारा वरच्या पायरीवर असतो आणि त्याचे मन फिरले की सवलत संपते. (त्याच व्हर्जिनियात माणसे गुलाम होती, हेही विसरू नये.)

आपल्याला हा फरक पंढरपुरात कळतो. चोखोबांची समाधी मंदिराबाहेर, नामदेव पायरीजवळ आहे. अस्पृश्य मानलेल्या भक्तांना नाम घेता येत होते, कळसाचे दर्शन घेता येत होते; आत जाता येत नव्हते. १ मे १९४७ रोजी साने गुरुजींनी तिथे तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण सुरू केले. विरोध करणारे म्हणत, हा आमच्या धर्मात हस्तक्षेप आहे.

हे म्हणणे झटकून टाकण्यासारखे नाही. त्यांचीही श्रद्धा होतीच. पण माझी श्रद्धा मी कसे वागावे हे सांगते. दुसऱ्या भक्ताच्या आणि विठ्ठलाच्या मध्ये उभे राहण्याचा अधिकार तिच्यातून कसा निघेल? मनपरिवर्तन होईपर्यंत थांबावे, कायदा नको, असे काही साधक म्हणतील. चोखोबांचे देहावसान १३३८ चे. आणखी किती थांबायचे? गुरुजींनी मनालाच हाक दिली आणि मंदिर खुले झाले. त्याच वर्षी मुंबई प्रांतात मंदिरप्रवेशाचा कायदाही झाला. पुढे राज्यघटनेच्या अनुच्छेद २५ ने सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य दिले आणि सार्वजनिक हिंदू मंदिरे सर्व वर्गांना खुली करणाऱ्या कायद्यांची वाटही मोकळी ठेवली.

प्रवचनांचे भाषांतर करताना ‘आम्ही सर्वांना सामावून घेतो’ असे वाक्य आले की माझी लेखणी ‘आम्ही’पाशी थांबते. दार आमचे आहे, असे त्यात आधीच गृहीत धरलेले असते. हल्ली मी तिथे ‘इथे सर्वांची जागा आहे’ असे सुचवते.