मूळचे आडनाव

दिवाळीच्या तोंडावर घराला रंग देऊन झाला, आणि माडीवरच्या दोन खोल्या भाड्याने द्यायच्या असे आम्ही ठरवले. दुसऱ्याच दिवशी एक तरुण शिक्षक चौकशीला आला. बोलणे नम्र, कपडे साधे पण नेटके. मी नाव विचारले, त्याने सांगितले. आडनाव विचारले, तेही सांगितले. जवळच्याच एका गावाच्या नावाला 'कर' लावलेले. एवढ्याने माझे समाधान होईना. मी म्हटले, "ते झालं हो, पण मूळचं आडनाव?"

तो किंचित हसला. "मूळचं म्हणजे किती पिढ्यांमागचं, काका?"

मला उत्तर सुचले नाही. "घरात विचारून कळवतो," एवढे मी म्हणालो. घरात विचारायचे कोणाला? घर तर माझेच! तो समजला. पुढे केलेला पाण्याचा पेला तसाच ठेवून तो जिना उतरून गेला.

त्या रात्री त्याचा प्रश्न मी स्वतःलाच विचारून पाहिला. माझे आडनावही गावावरूनच आलेले. आजोबा कळमनुरीकडच्या एका खेड्यातून हिंगोलीच्या बाजारात आले, तेव्हा कोणा मुनिमाने वहीत त्यांच्या नावापुढे गाव लिहिले आणि 'कर' जोडला. त्याआधी? खेड्यात आम्हांला 'लंगडे' म्हणत, कारण कोणी एक पूर्वज पायाने अधू होता. त्याच्याही आधी? तेथे आमच्या घराण्याची स्मृती संपते. म्हणजे माझे 'मूळचे' आडनाव म्हणजे एका बिचाऱ्याचा दुखरा पाय! आणि एवढ्या भांडवलावर मी दुसऱ्याचे मूळ खणायला निघालो होतो.

पाहा, आपली आडनावे आली तरी कोठून? कोणी गावचा हिशेब लिहिला, तो कुलकर्णी झाला. कोणी पंचांग सांगितले, तो जोशी झाला. वतने कायद्याने गेली; पाटलाच्या पणतवाने कधी चावडी पाहिली नाही, तरी तो पाटीलच राहिला. काळे गोरे असतात, गोरे काळे असतात आणि वाघ आडनावाचे गृहस्थ मांजरालाही भितात. जाधव, पवार, मोरे ही आडनावे तर कितीतरी जातींत सापडतात. ज्या पाटीवर इतकी खाडाखोड झाली आहे, ती वाचून माणूस ओळखला असे म्हणणे धाडसाचे आहे.

आमच्या जिल्ह्याला तर हे कोणी शिकवायला नको होते. कयाधूकाठचे नर्सी हे परंपरेने नामदेवांचे जन्मगाव. त्यांचे घराणे रेळेकरांचे, व्यवसाय शिंप्याचा. पण त्यांची एकसष्ट पदे शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात गेली, ती आडनावामुळे नव्हे. त्यांचे गुरू विसोबा. त्यांना चाटी म्हणत. ज्ञानदेवांचा द्वेष करणाऱ्या या विसोबांना 'खेचरा, दूर हो' असे ऐकावे लागले, आणि पश्चात्ताप झाल्यावर त्यांनी तीच शिवी नाव म्हणून धारण केली, अशी कथा सांगतात. खेचर म्हणजे गाढव आणि घोडी यांची संकरज संतती. आणि खेचर म्हणजे आकाशात संचार करणाराही. शब्द तोच राहिला. माणूस बदलला तसा त्याचा अर्थ बदलला.

हा रोग आपल्यापुरताच आहे असेही नाही. कॉलेजात असताना मी वॉल्टर स्कॉटची 'रॉब रॉय' वाचली होती. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात आडनावाआधी 'मॅक' लावतात. मॅक म्हणजे मुलगा. ग्रेगरचे वंशज ते मॅकग्रेगर. शेजारच्या घराण्याशी त्यांची रक्तरंजित लढाई झाली, आणि १६०३ साली राजाने त्यांचे आडनावच बेकायदा ठरवले. हे नाव सांगेल त्याला देहान्त! कित्येकांनी परकी आडनावे घेऊन जीव वाचवला. मध्यंतरी काही वर्षे बंदी उठली, पुन्हा लागली आणि कायमची रद्द झाली ती १७७४ साली. खुद्द रॉब रॉय आईचे कॅम्बेल हे आडनाव लावून वावरला. १७३४ साली तो वारला तेव्हाही त्याचे खरे आडनाव गुन्हाच होते.

ही हकीकत वाचताना मी राजावर संतापलो होतो. पण आपल्याकडेही इंग्रज सरकारने १८७१ साली कायदा करून कितीतरी जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा स्वतंत्र भारतात १९५२ साली गेला. कायदे रद्द होतात, कारण ते कागदावर असतात. दारात उभ्या माणसाकडे पाहणारी नजर कोणत्या राजपत्रात रद्द करायची?

मग आडनावे टाकूनच द्यावीत काय? माझी नात म्हणते, टाका. तिच्या धाकट्या भावाच्या कागदांवर आता वडिलांच्या आधी आईचे नाव लागते. महाराष्ट्र सरकारने २०२४ साली तसा नियमच केला. तेवढे पुरे, असे तिचे मत. मला मात्र ते पटत नाही. सकपाळ घराण्यातल्या एका मुलाचे नाव १९०० साली साताऱ्याच्या शाळेच्या पटावर 'भिवा रामजी आंबेडकर' असे लागले. आंबडवे हे त्यांचे मूळ गाव. आज त्या आडनावापुढे कोट्यवधी माणसे हात जोडतात. पूर्वजांनी त्या नावात पुण्य भरून ठेवले नव्हते. त्याला मोल आणले ते त्या मुलाने पुढे केलेल्या कामाने. आडनाव ही मिळकत नव्हे, ते कोरे खाते आहे. आपण जे भरू तेच पुढच्यांना निघेल. आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार?

आणि 'कर' लावणाऱ्याने तरी दुसरे काय मागितलेले असते? मी या मातीचा आहे, एवढ्यावर मला ओळखा, इतकेच ना? माझ्या आजोबांना बाजाराने ती सवलत दिली, म्हणून आम्ही 'लंगडे' राहिलो नाही. तीच सवलत मी त्या शिक्षकाला नाकारली.

औंढ्याच्या देवळाची आख्यायिका आपल्याला ठाऊक आहे. नामदेवांना कीर्तनासाठी मागे जायला सांगितले, तेव्हा अख्खे देऊळ त्यांच्याकडे फिरले म्हणतात. मला तर नुसती मान वळवायची होती.

चार दिवसांनी मी त्याच्या शाळेत गेलो. त्याला दुसरीकडे जागा मिळाली होती. मी काही बोलण्याआधीच त्याने खुर्ची पुढे केली, शिपायाला पाणी आणायला सांगितले आणि मला काहीही विचारले नाही. मी तो पेला शेवटच्या घोटापर्यंत प्यालो आणि म्हणालो, "भाऊबीजेला फराळाला या."

तो येईल की नाही, सांगता येत नाही. माडीवरच्या खोल्या अजून रिकाम्या आहेत. आता कोणी विचारायला आले, तर पाणी पुढे करीन, भाडे सांगीन. आणि नाव विचारून झाल्यावर तेथेच थांबेन.