तू पूर्वीसारखी राहिली नाहीस



आपल्या धर्मग्रामातील एका घरात बहीण-भावाचे भांडण कित्येक वर्षे चालू आहे. भांडण वाडीच्या हद्दीवरून नाही की विहिरीच्या पाण्यावरूनही नाही. ते अमेरिकेतल्या एका बँडवरून आहे. दोघांनीही मला लिहायची परवानगी दिली आहे, फक्त नावे घालू नका असे बजावले आहे.

बँडचे नाव पॅरामोर. २००४ साली टेनेसी राज्यातल्या फ्रँकलिन या गावात काही शाळकरी मुलांनी तो सुरू केला. हेली विल्यम्स ही त्याची गायिका. या संगीताला पॉप पंक म्हणतात. पंकसारखे धडधडणारे ड्रम आणि कर्कश गिटार, पण चाल मात्र चटकन तोंडी बसणारी. २००७ मध्ये त्यांचा ‘रायट!’ हा अल्बम आला आणि त्यातल्या ‘मिझरी बिझनेस’ या गाण्याने ही मुले जगभर पोहोचली. तेव्हा हेली अठरा वर्षांची होती.

आमची बहीण त्या वर्षी अकरावीत होती. त्याच वर्षी तिचे वडील वारले. वसईहून सकाळच्या लोकलने कॉलेजला जाताना ती मैत्रिणीने भरून दिलेली ती गाणी ऐकायची. ‘फादर, मला रडता येत नव्हते. ती माझ्या वतीने ओरडत होती,’ असे ती मला म्हणाली.

पुढे २०१७ साली ‘आफ्टर लाफ्टर’ हा अल्बम आला. गिटारचा तो कर्कशपणा गेला होता. त्याच्या जागी १९८०च्या दशकातल्या नाचगाण्यांची आठवण करून देणारा सिंथेसायझर, नाजूक टुणटुण गिटार आणि उड्या मारावाशा वाटणारा ठेका आला. बहिणीने दोन गाणी ऐकली आणि बंद केले. सहा वर्षांनी लहान असलेल्या भावाला मात्र नेमका हाच अल्बम पहिल्यांदा भेटला, आणि त्याच्या दृष्टीने खरा पॅरामोर हाच. बँडच्या चाहत्यांमध्येही तेव्हा अशीच फूट पडली होती. कोणी म्हणे ‘रायट!’नंतर सगळे संपले, तर कोणी म्हणे यांना आता कुठे स्वतःचा आवाज सापडला.

मी दोन्ही अल्बम ऐकले. (पडवीत बसून ऐकत असताना एका आजींनी विचारले, ‘फादर, उद्याच्या प्रवचनाची तयारी का?’) मला संगीतातले फारसे कळत नाही. पण बहिणीच्या तोंडचा एक शब्द मला सतावत राहिला. ती ‘आवडले नाही’ म्हणाली नव्हती, ‘फसवले’ म्हणाली होती.

फसवणूक होण्यासाठी आधी वचन लागते. हेलीने तिला कोणते वचन दिले होते? वकिली भाषेत पाहिले तर कोणतेच नाही. पण प्रश्न इतक्यात सुटत नाही. जे गाणे एखाद्याच्या वडिलांच्या मृत्यूला सोबत करते, त्याच्याशी जडलेले नाते काही दुकानातल्या वस्तूशी असलेले नाते नसते. सेमिनरीत आम्हाला थिसिअसच्या जहाजाचे कोडे घालत असत. एकेक करून सगळ्या फळ्या बदलल्या, तर जहाज तेच राहिले का? पॅरामोरच्याही पुष्कळ फळ्या बदलल्या. सगळ्या अल्बममध्ये सुरुवातीपासून आहे ती एकटी हेली. पण हे कोडे इथे मला अपुरे वाटते, कारण आपण बदलावे की नाही हे जहाजाच्या फळीला ठरवता येत नाही.

ॲरिस्टॉटल इथे अधिक उपयोगी पडतो. त्याच्या नीतिशास्त्राच्या नवव्या पुस्तकात त्याने सरळच विचारले आहे की, मित्र पूर्वीसारखा राहिला नाही तर मैत्री तोडावी का? तो बालमित्रांचे उदाहरण घेतो. एक मनाने मूलच राहिला, दुसरा प्रौढ झाला. आता दोघांना एकाच गोष्टीत आनंद वाटत नाही, मग मैत्री टिकणार कशी? टिकणार नाही, असे तो कबूल करतो. तरीही, जणू कधी ओळखच नव्हती असे वागू नये, जुन्या जवळिकीची आठवण ठेवून थोडे अधिक सौजन्य दाखवावे, असेही सांगतो. त्याच प्रकरणात त्याचा एक कठोर शब्द आहे. जो स्वभावावर प्रेम असल्याचे ढोंग करतो आणि खरे म्हणजे फायद्यासाठी जवळ येतो, तो खोटी नाणी पाडणाऱ्यापेक्षाही वाईट.

तेव्हा बहिणीच्या तक्रारीतला कस लागणारा प्रश्न ‘तू बदललीस का’ हा नाही. ‘तुझे नाणे खोटे होते का’ हा आहे. आणि हा आरोप पॅरामोरवर खुद्द आतूनच झाला होता. २०१० च्या डिसेंबरमध्ये जॉश आणि झॅक फॅरो हे भाऊ बँड सोडून गेले. जॉशने जाहीरपणे लिहिले की हा बँड म्हणजे बड्या कंपनीने बनवलेला माल आहे, कारण कंपनीचा करार एकट्या हेलीशी होता. करार तसा होता हे खरेच. पण कंपनीला तिला एकटीला पॉप गायिका म्हणून पुढे आणायचे होते आणि बँडचा हट्ट तिने धरला होता, हेही तितकेच खरे. फॅरो बंधूंची आणखी एक तक्रार होती, ती आपल्याला ओळखीची वाटेल. सत्य माणसाला मुक्त करते या शुभवर्तमानातील वचनाला छेद देणारी एक ओळ हेलीने लिहिली होती, आणि ख्रिस्ती म्हणून ती त्यांना मान्य नव्हती. मला त्यांची अस्वस्थता समजते. तरी ‘मला अजून मुक्त झाल्यासारखे वाटत नाही’ असे सांगणाऱ्या माणसाला मी पाखंडी म्हणणार नाही. पापनिवेदनाच्या वेळी तेच शब्द मी पुष्कळदा ऐकतो. झॅक २०१७ मध्ये परत आला आणि ‘आफ्टर लाफ्टर’चे ड्रम त्यानेच वाजवले.

याहून अवघड प्रसंग ‘मिझरी बिझनेस’चा. त्या गाण्यात एका मुलावरून दुसऱ्या मुलीवर केलेली मात आहे, आणि त्या मुलीला उद्देशून एक हिणकस शब्द आहे. हेलीने ते सतराव्या वर्षी लिहिले होते. मोठेपणी तो शब्द तिला टोचू लागला, आणि सप्टेंबर २०१८ मध्ये नॅशव्हिलच्या कार्यक्रमात, यापुढे बराच काळ हे गाणे गाणार नाही, असे तिने सांगितले. तिच्या कार्यक्रमांत हे गाणे आले की प्रेक्षकांतल्या कुणाला तरी मंचावर बोलावून सोबत गाऊ देण्याची रीत होती. कितीतरी जण त्या एका क्षणाची वाट पाहत असत. त्यांनी विचारले, आम्ही कुणाचा अपमान करायला हे गात नव्हतो. मग तुझ्या पश्चात्तापाचा भुर्दंड आम्हाला का? शिवाय गाणे तिच्या एकटीचे नव्हते, जॉश फॅरोही त्याचा सहलेखक. तिने मौन धरले तेव्हा त्याची चालही मुकी झाली.

माझ्या मते तो निर्णय घेण्याचा तिला पूर्ण अधिकार होता. सतराव्या वर्षी बोललेले वाक्य तू आयुष्यभर रोज रात्री बोलत राहा, असे आपण आपल्या मुलीला सांगू का? पण चाहत्यांच्या दुःखाला पोरकटपणा म्हणणेही मला अन्यायाचे वाटते. ऑक्टोबर २०२२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बेकर्सफील्डला तिने ते गाणे पुन्हा गायले. कोणी म्हणाले, शेवटी झुकलीच. मला तसे वाटत नाही. जुन्या फोटोतला आपला अवतार आधी लपवावासा वाटतो, आणि काही वर्षांनी तोच फोटो आपण मुलांना हसत दाखवतो, तसे काहीसे हे असावे.

आता पुन्हा त्या घराकडे वळू. २०२० च्या मार्चमध्ये बहीण बाळंतपणासाठी माहेरी आली आणि टाळेबंदीत तिथेच अडकली. भावाची नोकरी एप्रिलमध्ये गेली. शेजारच्या खोलीत दिवसभर ‘आफ्टर लाफ्टर’ वाजत असे. इकडे तान्हे मूल, तिकडे तो ठेका. ‘काम गेले तरी याला नाचायचे सुचते,’ असे ती आईला म्हणत असे. अल्बमच्या नावाचा अर्थ हेलीने सांगितला आहे. हसू ओसरून माणूस वास्तवाकडे परततो, तेव्हाचा त्याचा चेहरा. त्या काळात ती नैराश्यातून जात होती आणि त्याबद्दल पुढे उघडपणे बोललीही. ‘फेक हॅपी’ नावाचे गाणे तर सरळसरळ आनंदाच्या सोंगाबद्दलच आहे. चाल उडती आणि शब्द बुडणाऱ्या माणसाचे, असा तो सबंध अल्बम. भिंतीपलीकडे चार महिने ते शब्द वाजत होते आणि बहिणीला फक्त ठेका ऐकू येत होता. भावाने जेवण जवळजवळ सोडले आहे हे आईच्या लक्षात आले, तेव्हा जुलै उजाडला होता.

डॉक्टर झाले, औषधे झाली. तो आता बरा आहे, पुन्हा नोकरीला लागला आहे. बहिणीने शब्द हाती घेऊन सगळी गाणी ऐकली ती त्यानंतर, एका रात्री बाळाला मांडीवर घेऊन. ‘फादर, माझी गायिका मला सोडून गेली म्हणून मी रुसून बसले होते,’ ती म्हणाली, ‘आणि ती माझ्याच घरात माझ्या भावाच्या वतीने बोलत होती.’

२०२४ साली पॅरामोरला ‘धिस इज व्हाय’साठी सर्वोत्तम रॉक अल्बमचा ग्रॅमी मिळाला. तोही अल्बम पुन्हा वेगळ्याच वळणाचा आहे. तो भावाला फारसा रुचलेला नाही. या वेळी ‘पूर्वीचे राहिले नाही’ असे तो म्हणतो, आणि बहीण त्याला चिडवते. ‘रायट!’च सर्वांत चांगला, हे तिचे मत मात्र अजून कायम आहे. गिटारपुरते बोलायचे तर मीही तिच्याच बाजूचा आहे.