पासवर्ड भाच्याकडे

२०२२ च्या जूनमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने देशातल्या ६३ हजार प्राथमिक कृषी पतपुरवठा संस्थांच्या संगणकीकरणाला मंजुरी दिली. खर्च २,५१६ कोटी रुपये, मुदत पाच वर्षं, सगळ्यांना एकच सॉफ्टवेअर, अंमलबजावणी नाबार्डमार्फत. आपल्याकडे या संस्थांना विकास सोसायटी म्हणतात. गावाचं पीककर्ज इथून मिळतं आणि कारभार गटसचिवाकडे असतो. बऱ्याचदा एकाच सचिवाच्या गळ्यात दोन-तीन गावं असतात. संगणक पोहोचवता येतो. तो चालवणाऱ्या माणसाला काय आणि किती शिकवायचं, हे मात्र मला अजून सुटलेलं दिसत नाही. म्हणून निवृत्तीला दोन वर्षं उरलेला एक सचिव आणि त्याला शिकवायला आलेली एक तरुणी, अशी दोघं मी कल्पनेनं समोरासमोर बसवली आहेत. महिना मार्चचा.

सचिव : ताई, तुमचंही काम होऊ दे, माझंही होऊ दे. भाचा बीकॉम झालाय. पासवर्ड त्याला देतो, तो एन्ट्र्या मारेल. तुम्ही ‘प्रशिक्षण पूर्ण’ लिहून टाका.

प्रशिक्षिका : लिहिलं तर माझा अहवाल आजच जाईल, अण्णा. पण भाच्यानं मारलेली प्रत्येक एन्ट्री संगणक तुमच्या नावावर धरणार.

सचिव : धरू दे की. पूर्वी हाताखाली कारकून होता. रोजकीर्द तो लिहायचा, सही मी करायचो. तुम्ही स्वतः का लिहीत नाही, असं तेव्हा कुणी विचारलं नाही.

हा मुद्दा मला वजनदार वाटतो. दुसऱ्यावर काम सोपवल्याशिवाय कुठलाच कारभार चालत नाही. मग इथंच का अडावं?

प्रशिक्षिका : कारकून चुकला तर तुम्हाला कळायचं?

सचिव : न कळायला काय झालं? खाडाखोड दिसायची, बेरीज जुळायची नाही. खतावणी चाळली की कुणाची बाकी खटकते ते लगेच ध्यानात यायचं.

प्रशिक्षिका : आणि भाचा चुकला तर?

सचिव : स्क्रीनवर सगळं स्वच्छच दिसतं.

प्रशिक्षिका : म्हणून मी अडून बसलेय. कारकुनाकडे फक्त लिहिणं होतं, तपासणं तुमच्या हातात होतं. भाच्याकडे दोन्ही चाललंय. उद्या सहकार कायद्याच्या कलम ८३ ची चौकशी लागली आणि ८८ खाली नुकसानीची जबाबदारी ठरली, तर नोटीस भाच्याला येणार नाही.

सचिव : नोटिशीच्या भीतीनं माणूस शिकत नाही, ताई. घाबरतो फक्त.

खरं आहे. पण ही भीती पोकळ नाही. ब्रिटनच्या पोस्टात १९९९ पासून होरायझन नावाची संगणकप्रणाली बसवली गेली. ती हिशेबात नसलेली तूट दाखवायची. गावोगावची टपाल कार्यालयं चालवणाऱ्या माणसांना ती तूट आली कुठून, हे शोधता येईना. आणि प्रणाली चुकणार नाही, असं वरच्यांनी धरलं होतं. ९०० हून अधिक जण दोषी ठरले, काही तुरुंगात गेले. २०२४ मध्ये कायदा करून त्यांतल्या शेकडो जणांची दोषसिद्धी रद्द करावी लागली. दोष प्रणालीचा आणि ती लादणाऱ्यांचा होता, हे मी विसरत नाही. पण ज्याच्या सहीवर हिशेब उभा आहे त्याला तो आतून पाहता येत नसेल, तर केवढा अन्याय होऊ शकतो, हे तिथं दिसलं.

सचिव : बरं, शिकतो. पण कधी? सकाळी वसुलीला दारोदार, दुपारी जिल्हा बँकेच्या शाखेत, त्यात सगळ्यांच्या कर्जाचं नवं-जुनं ३१ तारखेच्या आत. रोजकीर्द हातानंही लिहायची आणि संगणकातही भरायची, असा आदेश. एका कामाची दोन झाली, पगार तेवढाच. शिकणं माझं कर्तव्य म्हणता. मग शिकायला वेळ देणं कुणाचं?

प्रशिक्षिका : ते वरच्यांचं. याला माझ्याकडे उत्तर नाही.

इथं मी पूर्णपणे सचिवाच्या बाजूचा आहे. यंत्राची तरतूद होते, पण शिकणाऱ्याच्या तासांची तरतूद झाली नाही की ते तास त्याच्या झोपेतून जातात. वसुलीच्या महिन्यात प्रशिक्षण ठेवणाऱ्यानं गावाचं वर्ष कसं चालतं, हे विचारात घेतलेलं नसतं.

सचिव : आणि दोन दिवसांत शिकवलं काय? हे बटण दाबा, ते दाबा. चुकीची एन्ट्री कशी ओळखायची, ते सांगितलंच नाही. आता हे खातं बघा. नाव आजोबांचं, जमीन तीन भावांत वाटलेली, भरणा धाकटा करतो. वहीत नोंद नाही, मला ठाऊक आहे. भाचा हे कुठून आणणार?

प्रशिक्षिका : अण्णा, हेच तर तुमच्याशिवाय दुसऱ्याला जमणार नाही. ३१ मार्चचा भरणा संगणकात १ एप्रिलला पडला, तर त्या शेतकऱ्याची व्याजसवलत हुकेल. भाच्याला ती फक्त तारीख वाटेल. तुम्हाला माणूस दिसेल.

सचिव : म्हणजे टायपिंग मी शिकायचं नाही?

प्रशिक्षिका : ते राहू दे. एन्ट्री भाचा करू दे, पण त्याच्या स्वतःच्या लॉगिननं. तुम्ही रोज संध्याकाळी दिवसाचा भरणा पावत्यांशी ताडा, मगच मंजूर करा. तेरीज आणि थकबाकीची यादी कशी काढायची, एवढं मी एप्रिलमध्ये येऊन शिकवते. तोवर ‘प्रशिक्षण पूर्ण’ लिहीत नाही.

सचिव : तुम्हाला वरून बोलणी बसतील.

प्रशिक्षिका : बसतील.

सचिव : आणि भाच्याला संस्थेनं नेमलेलं नाही. फुकट राबवून घ्यायचं, तर उद्या तो का टिकेल? मानधनाचा विषय संचालक मंडळापुढे ठेवला, तर पहिला प्रश्न येईल की मग सचिव कशाला? ते काय उत्तर द्यायचं, तेही शिकवा.

प्रशिक्षिका : ते आजोबांचं खातं बैठकीत उघडून दाखवा. अशी आणखी किती आहेत?

सचिव : या गावात तीस-चाळीस तरी. बाकीच्या दोन गावांतली बघावी लागतील. बसा, यादी करू.