आज्ञा उठल्यानंतर

१९९४ सालच्या २४ डिसेंबरला, शनिवारी, अमेरिकेतल्या अटलांटा शहरात जोसेफ टकाच या धर्मनेत्याने आपल्या मंडळीपुढे एक दीर्घ प्रवचन केलं. शनिवारचा शब्बाथ, खाण्यापिण्याचे निषेध, उत्पन्नाचा दशमांश यांची सक्ती ख्रिस्ती माणसावर नाही, असं त्यांनी सांगितलं. ऐकणाऱ्यांपैकी अनेकांनी या गोष्टी पाळण्यात उभं आयुष्य घालवलं होतं. काहींनी शनिवारी काम करायला नकार देऊन नोकऱ्या गमावल्या होत्या.

ही मंडळी म्हणजे ‘वर्ल्डवाइड चर्च ऑफ गॉड’. हर्बर्ट आर्मस्ट्राँग या जाहिरात व्यवसायातून आलेल्या गृहस्थांनी १९३४ मध्ये ऑरेगन राज्यातून रेडिओवर प्रवचनं सुरू केली, त्यातून ती वाढली. शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या सूर्यास्तापर्यंत काम बंद. डुकराचं मांस आणि कोळंबी वर्ज्य. नाताळ, ईस्टर आणि वाढदिवस हे मूर्तिपूजकांचे सण, म्हणून तेही वर्ज्य. एक दशमांश चर्चला, दुसरा सणांच्या खर्चासाठी बाजूला, आणि सात वर्षांच्या चक्रातल्या तिसऱ्या व सहाव्या वर्षी तिसरा, विधवा आणि अनाथांसाठी. स्त्रियांच्या मेकअपवर बंदी आली, उठली, पुन्हा आली, पुन्हा उठली. घटस्फोटानंतर दुसरं लग्न केलेली जोडपी १९७४ पर्यंत या चर्चच्या शिकवणीपायी वेगळी होत होती, मुलंबाळं असली तरी.

अशी माणसं भोळी होती असं म्हणून हा विषय मिटवता येत नाही. या व्यवस्थेने त्यांना पुष्कळ दिलं होतं. शरद ऋतूतल्या मांडवांच्या सणाला हजारो कुटुंबं आठ दिवस एकत्र राहत. त्या दिवसांच्या आठवणी चर्च सोडलेली माणसंही मायेने सांगतात. आठवड्याला आकार होता, पैशाला दिशा होती आणि देव आपल्यावर प्रसन्न आहे की नाही हे संध्याकाळी मोजून पाहता येत होतं. ही मोजणी हेच नियमबद्ध धर्माचं खरं आकर्षण, असं मला वाटतं. प्रेम किती केलं हे मोजता येत नाही. उपास किती केले हे येतं.

टकाच यांच्या प्रवचनानंतर मंडळी फुटली. हजारो लोक जुने नियम जपणाऱ्या नव्या संघटनांत गेले, त्यांपैकी ‘युनायटेड चर्च ऑफ गॉड’ १९९५ मध्ये स्थापन झाली. कित्येकांनी धर्माकडेच पाठ फिरवली. जे राहिले त्यांच्या चर्चचं उत्पन्न कोसळलं, महाविद्यालय १९९७ मध्ये बंद झालं आणि २००९ मध्ये चर्चने ‘ग्रेस कम्युनियन इंटरनॅशनल’ हे नाव घेतलं. धर्मसिद्धान्ताच्या दृष्टीने टकाच यांचा निर्णय मला योग्य वाटतो आणि त्याला लागलेलं धैर्य मोठं आहे. पण एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. शब्बाथ पाळा, हे व्यासपीठावरून सांगितलं गेलं होतं. शब्बाथ बंधनकारक नाही, हेही व्यासपीठावरूनच सांगितलं गेलं. नियम गेला, तरी वरून येईल ते मान्य करायची सवय जागच्या जागी राहिली. मुक्ती हुकमाने मिळाली की ती पेलण्याची तयारी झालेली नसते.

म्हणून नियम सुटल्यानंतरची वर्षं इतकी अवघड जातात. बुद्धीला पटलेलं असतं, तरी शनिवारी दुकानात पाऊल ठेवताना छातीत धडधडतं. भीतीला युक्तिवाद कळत नाहीत. मग कुणी आणखी कडक पंथ शोधतो, कारण तिथे पुन्हा मोजता येतं. कुणी जुन्या चर्चवरच्या संतापात राहू लागतो. तो संताप बहुतेकदा रास्त असतो आणि त्याला वेळ द्यायलाच हवा. मात्र दहा वर्षांनीही आपण काय खायचं आणि काय मानायचं हे केवळ त्या चर्चच्या उलट वागून ठरत असेल, तर आयुष्याचा लगाम अजून त्याच हातात आहे.

पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या चौदाव्या अध्यायात या पेचाचा विचार केला आहे. मंडळीत कुणी सगळं खातो, कुणी फक्त भाजीपाला. कुणी एक दिवस विशेष मानतो, कुणाला सगळे दिवस सारखे. पौल सगळ्यांवर एकच आहार लादत नाही. प्रत्येकाने आपल्या मनाची खात्री करून घ्यावी आणि दुसऱ्याला दोषी ठरवू नये, ही त्याची मागणी आहे. ती पाळणं तीन दशमांश देण्यापेक्षा कठीण आहे.

आपल्याकडे ही वाट चालून दाखवली पंडिता रमाबाईंनी. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधल्या वाँटेज इथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. शास्त्रांच्या जाचातून बाहेर पडलेल्या या विदुषीपुढे लगेच दुसरी शिस्त उभी राहिली. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन यांची अपेक्षा होती, की चर्च सांगेल ते नव्या ख्रिस्ती बाईने नम्रपणे स्वीकारावं. रमाबाईंनी त्रैक्याविषयी शंका विचारल्या. क्रूसावरचा मजकूर लॅटिनमध्ये का, संस्कृतमध्ये का नको, असं विचारलं. त्या शाकाहारी होत्या आणि अंडंही खात नसत. त्यात जेराल्डिनबाईंना जातीचा अभिमान दिसला. रमाबाईंनी आहार बदलला नाही. जी गोष्ट लहानपणी जातीच्या धाकाने पाळली, तीच त्या आता स्वतःच्या निवडीने पाळत होत्या. ताटात फरक नव्हता, पाळणाऱ्या बाईत होता.

याहून मोलाची गोष्ट पुढची आहे. बाप्तिस्म्यानंतर कित्येक वर्षांनी, विधवांसाठीचं त्यांचं शारदा सदन सुरू झाल्यावर, रमाबाईंना उमगलं की आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारला, ख्रिस्त मात्र अजून भेटलेला नाही. हे त्यांनी स्वतःच्या साक्षीत १९०७ मध्ये उघडपणे लिहिलं. धर्मांतराची जगभर चर्चा झालेली असताना, मिशनऱ्यांच्या डोळ्यांसमोर, अशी कबुली देणं सोपं नव्हतं. त्या कुठल्या एका पंथाच्या झाल्या नाहीत आणि शोधही त्यांनी थांबवला नाही. उतारवयात हिब्रू आणि ग्रीकचा अभ्यास करून बायबलचं सोप्या मराठीत भाषांतर केलं, ते त्यांच्याच केडगावच्या मुक्ती सदनातल्या स्त्रियांच्या हातून छापलं गेलं.

वाढ म्हणतात ती मला इथे दिसते. अटलांटाच्या प्रवचनानंतरही कुणी शनिवारी शांत बसून प्रार्थना करत असेल आणि शेजारी रविवारी उपासनेला जाणाऱ्या भावाशी त्याचं मन मोकळं असेल, तर तो जुन्या चर्चमध्ये अडकलेला आहे असं मी म्हणणार नाही. नाताळचा केक आयुष्यात पहिल्यांदा निर्धास्त खाणारी बाईही वाढतेच आहे. आणि ‘मला अजून माहीत नाही’ असं प्रार्थनेत म्हणू शकणारा माणूस या दोघांच्याही पुढे असेल.

कडक मंडळी सोडून आलेलं कुणी तुमच्या घरात, नात्यात असेल, तर त्याला ‘आता कुठल्या चर्चला जातोस?’ असं लगेच विचारू नका. पाळकांनो, बाहेर पडलेल्याच्या आईबापांना त्याच्याशी बोलणं तोडायला सांगू नका. त्याला वेळ द्या, जेवायला बोलवा आणि तो काय खातो याची चौकशी करू नका.