अर्धशक्ती : कादंबरीकाराचा देह, हिवाळा आणि श्रमाचे ऋण

१

मराठी समीक्षेत निर्मितिप्रक्रियेची चर्चा विपुल झालेली आहे. प्रतिभा, प्रेरणा, अनुभवाचे रूपांतर, लय, आकृतिबंध, लेखकाची जीवनदृष्टी अशा संकल्पनांच्या आधारे ती होत आली. या चर्चेत लेखकाचे मन आहे, त्याचा समाज आहे, त्याची भाषाही आहे; त्याचा देह मात्र क्वचितच आढळतो. भावकवितेचा विचार करताना ही उणीव फारशी जाणवत नाही. कादंबरीचा विचार करताना ती जाणवल्यावाचून राहत नाही. प्रदीर्घ भाषिक अवकाश हे कादंबरीचे लक्षण म्हणून भालचंद्र नेमाडे यांनी आग्रहाने मांडले. हा अवकाश भरावयाचा तर कोणीतरी महिनोन्महिने, वर्षानुवर्षे एका जागी बसावे लागते. पाठ, मान, डोळे आणि मनगट यांची झीज हा त्या अवकाशाचा न दिसणारा पाया होय.

कादंबरीकाराला लिहावे लागते; लिहिण्यासाठी वाचावे लागते; आणि या दोन्ही बैठ्या कामांनी देह निकामी होऊ नये म्हणून त्याला उघड्यावर चालावे-धावावे लागते. या तिहींचा मेळ कसा घालावा, हा प्रश्न सकृद्दर्शनी आरोग्यविषयक सदरातला वाटेल. वस्तुतः तो नीतीचा प्रश्न आहे. मर्यादित आयुष्य कशावर खर्च करावे आणि तो खर्च अखेर कोणाच्या खात्यावर पडतो, हे दोन्ही प्रश्न त्यात गुंतलेले आहेत.

२

हा प्रश्न कोणत्या भूमीवर विचारला जातो याला महत्त्व आहे. हिवाळ्याभोवती वाचकाच्या मनात जी अर्थवलये असतात ती बऱ्याच अंशी युरोपीय साहित्याने दिलेली आहेत. बर्फाने अडलेले रस्ते, बंद खिडक्या, पेटलेली शेगडी आणि तिच्यापाशी वाचणारा अथवा लिहिणारा माणूस अशी ती प्रतिमा आहे. तेथे हिवाळा लेखकाला आत ढकलतो. बाहेरचे जग थंडावलेले असल्यामुळे लेखनाला स्पर्धकच उरत नाही.

१ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळ्या झालेल्या हिंगोली जिल्ह्यातला हिवाळा याच्या नेमका उलट आहे. उन्हाळ्यात सकाळी नऊनंतर उघड्यावर हिंडणे अवघड. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल पाय धरून ठेवतो. देहाला बाहेर बोलावणारा ऋतू एकच, आणि तो हिवाळा. पण तोच सुगीचाही ऋतू आहे. कापसाची वेचणी, तुरीची काढणी, ज्वारीचा हुरडा, हरभऱ्याचे घाटे आणि पुढे वसमत-कळमनुरीकडे हळदीची काढणी, शिजवणी, वाळवणी असा कामांचा क्रम मार्चपर्यंत थांबत नाही. महाविद्यालयांत दिवाळीनंतरचे सत्र याच वेळी भरात असते. मराठवाड्यात कादंबरी लिहिणारी माणसे पुष्कळदा शिक्षकी पेशातली आहेत; ‘पाचोळा’कार रा. रं. बोराडे हे त्यांतले ठळक उदाहरण. त्यामुळे दिवसाच्या तासांवर अध्यापनाचा हक्क असतो आणि उरते ती पहाट. डिसेंबरात सूर्योदयाला पावणेसात उलटून जातात, सायंकाळी सहाच्या आत सूर्य मावळतो, म्हणजे हाती येणारा उजेड अकरा तासांचा. लेखनाला स्वच्छ डोके पहाटे मिळते, चालण्याला हवा पहाटेची लागते, आणि गंभीर वाचनही रात्रीच्या थकव्यापेक्षा पहाटेच मनात उतरते. तिघांचा दावा एकाच दोन तासांवर असतो. युरोपीय हिवाळ्यात लेखकाला एकांत आयता मिळतो. येथे तो मागून घ्यावा लागतो, आणि मागताना कोणाकडून घेतला हे दिसतेही.

३

या भूमीने या प्रश्नाचे एक जुने उत्तर दिलेले आहे. कयाधूच्या काठचे नरसी हे परंपरेने नामदेवांचे जन्मस्थान मानले जाते. त्यांचे गुरू विसोबा खेचर यांची कथा औंढा नागनाथाशी जोडलेली आहे. पंढरपूर, ज्ञानदेवांसमवेतची तीर्थयात्रा आणि पुढे पंजाबातील घुमानपर्यंतचा प्रवास अशी नामदेवांच्या पावलांची रेषा परंपरेने सांगितली आहे. त्यांच्या ६१ रचना गुरू ग्रंथ साहिबात समाविष्ट आहेत, यावरून त्या रेषेच्या लांबीची कल्पना येते. शेजारच्या गंगाखेडच्या जनाबाईंची प्रतिमा तर जात्यावाचून डोळ्यांसमोर येतच नाही. येथे काव्य, श्रम आणि चालणे यांचा मेळ घालण्याची गरजच पडत नाही, कारण ती वेगळी झालेलीच नाहीत. अभंग आणि ओवी या रचना श्रमाच्या श्वासात मावतात. स्मरण हाच त्यांचा कागद असतो. दळताना ओवी होते; दळताना कादंबरी होत नाही.

म्हणून संतांचा दाखला देऊन आधुनिक लेखकाला श्रमाचा उपदेश करणे हे रूपबंधांमधील भेद विसरण्यासारखे आहे. कादंबरी मुद्रणाच्या युगातली. ती कागद, मेज, निवांत खोली आणि सलग तास मागते. फावला वेळ ही तिच्या अस्तित्वाचीच अट आहे. तरीही तिच्या मराठी जन्मकथेत एक लक्षणीय गोष्ट आहे. बाबा पदमनजी यांच्या १८५७ मधील पहिल्या मराठी कादंबरीचे नाव ‘यमुनापर्यटन’ आहे. यमुना घराबाहेर पडते, प्रवास करते आणि त्या प्रवासात विधवांची दुःखे तिच्या दृष्टीस पडतात. बाहेर पडणे म्हणजे दुसऱ्याचे दुःख दिसणे, हे समीकरण मराठी कादंबरीने पहिल्याच पावलात मांडले. ते लेखकाच्या देहालाही लागू होते काय, हा पुढचा प्रश्न.

४

लेखकाच्या दिनक्रमाकडे नीतीच्या दृष्टीने सर्वाधिक गांभीर्याने पाहणारा कादंबरीकार टॉलस्टॉय होय. १८८६ च्या सुमारास पूर्ण झालेल्या ‘मग आम्ही काय करावे?’ या ग्रंथात त्याने दिवसाचे जेवणखाणाच्या वेळांनुसार चार भाग पाडले. बैल जुंपून सोडण्याच्या कालखंडाला शेतकरी जो शब्द वापरतो तोच त्याने वापरला. पहिली जुंपणी अंगमेहनतीची, दुसरी हातांच्या कौशल्याची, तिसरी बुद्धीची आणि चौथी माणसांच्या सहवासाची. अंगमेहनतीमुळे बौद्धिक काम मागे पडेल ही आपली भीती खोटी ठरली, असेही त्याने नोंदविले. या विचारधारेतून पुढे गांधीजींचे शरीरश्रमाचे व्रत सिद्ध झाले.

या योजनेचे नैतिक तेज मान्य करूनही एक वस्तुस्थिती नजरेआड करता येत नाही. टॉलस्टॉयच्या दोन महान कादंबऱ्या या योजनेपूर्वीच्या आहेत आणि त्या लिहिल्या जात असताना घर, मुलेबाळे व हस्तलिखितांच्या पुनःपुन्हा केलेल्या नकला यांचा भार सोफिया टॉलस्टॉय वाहत होती. एकाचे संतुलन दुसऱ्याच्या असंतुलनावर उभे असू शकते. मराठी घरांत हे चित्र अनोळखी नाही. पहाटे लिहावयास बसणाऱ्या लेखकाच्या आधी उठून चूल पेटविणारे कोणी असते. आणि लेखिकेचा विचार केला तर काळोख्या पहाटे एकटीने दोन मैल चालून येणे ही गोष्ट दिनक्रमाची राहत नाही. ती परवानगीची आणि धैर्याची होते.

आपल्या काळात जपानी कादंबरीकार हारुकी मुराकामी याने हाच प्रश्न नीतीच्या परिभाषेतून काढून तंत्राच्या परिभाषेत मांडला. कादंबरी लिहिताना पहाटे चारला उठणे, पाच-सहा तास लिहिणे, दुपारी दहा किलोमीटर धावणे अथवा पोहणे, मग वाचन आणि नऊला झोप असा त्याचा क्रम आहे. दीर्घ कादंबरीचे लेखन हे शारीरिक श्रमाचेच काम आहे असे तो मानतो. २००७ च्या धावण्याविषयीच्या पुस्तकात त्याने सांगितलेली एक गोष्ट अधिक मोलाची आहे : आणखी लिहिता येईल असे वाटत असतानाच तो त्या दिवसाचे लेखन थांबवितो. टॉलस्टॉय तास वाटून देतो. मुराकामी शक्ती राखून ठेवतो. या दुसऱ्या कल्पनेचे शास्त्र भारतीय परंपरेत फार पूर्वी सांगितलेले आहे.

५

वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’त व्यायामाविषयी एक मार्मिक निर्बंध आहे. बलवान आणि स्निग्ध आहार घेणाऱ्या माणसानेदेखील थंडीत व वसंतात अर्ध्या शक्तीनेच व्यायाम करावा. इतर ऋतूंत त्याहूनही कमी. शक्ती अर्धी संपली हे ओळखावयाचे कसे, त्याची खूण सुश्रुताने दिली आहे : श्वास तोंडाने घ्यावा लागू लागला की थांबावे. वाग्भट पुढे एक यादी देतो. तीत व्यायाम आहे, जागरण आहे, वाटचाल आहे, बोलणेही आहे. या गोष्टी अतिरेकाने करणारा मनुष्य हत्तीला ओढत नेणाऱ्या सिंहासारखा नाश पावतो, असा त्याचा दृष्टांत आहे. कादंबरीकाराच्या तिन्ही व्यापारांसाठी याहून नेमका दृष्टांत सापडणे कठीण. सिंहाने हत्ती मारलेला असतो; शिकार ही त्याची सिद्धीच असते. घात होतो तो ती एकट्याने, एका दमात ओढून नेण्याच्या हट्टाने.

अर्धशक्ती म्हणजे अर्धवटपणा नव्हे. उद्याच्या कामाचा वाटा आज खर्च न करणे, असा तिचा अर्थ आहे. लेखनाने चालण्यापुरते बळ ठेवावे, चालण्याने वाचनापुरता जागेपणा ठेवावा आणि वाचनाने लेखनापुरती भूक ठेवावी. तिसरी अट विद्वान कादंबरीकाराने विशेष लक्षात घ्यावी अशी आहे. वाचन हा तिहींतला सर्वांत प्रतिष्ठित आळस आहे. जे लिहावयाचे धैर्य होत नाही ते वाचनाच्या नावावर पुढे ढकलता येते.

या तत्त्वावर एक आक्षेप गंभीरपणे घ्यावयास हवा. साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’चा बहुतेक भाग नाशिकच्या तुरुंगात फेब्रुवारी १९३३ मधील अवघ्या पाच दिवसांत लिहून झाला. दिवसा तुरुंगातले काम, रात्री आणि पहाटे लेखन. येथे अर्धशक्ती कोठे आहे? जागरणाचा अतिरेकच या कृतीला जन्म देतो असे दिसते. परंतु कृतीची संरचना पाहिली तर वेगळी गोष्ट आढळते. तिची विभागणी प्रकरणांत नसून रात्रींत आहे. श्याम दर रात्री थोडे सांगतो आणि थांबतो. ऐकणारे उठतात, दिवसाच्या कामाला लागतात आणि पुन्हा जमतात. लेखकाने स्वतःला जी विश्रांती दिली नाही ती त्याने कथनाला दिली. दीर्घ कथन टिकते ते थांबण्याच्या जागांमुळे, हे तेथेही खरे ठरते. शिवाय पाच दिवसांचा आवेग हा कित्येक वर्षे साठलेल्या स्मृतीचा उद्रेक असतो. तो नियम म्हणून घालून देता येत नाही, आणि त्यावरून कोणाला कमी लेखताही येत नाही.

६

अर्धशक्तीचे तत्त्व स्वीकारले तरी सर्वांत कठीण प्रश्न शिल्लक राहतो. अर्धी शक्ती राखून ठेवण्याचा अधिकार कोणाला आहे?

हिंगोली जिल्ह्यातील कोणत्याही तालुक्याच्या गावाबाहेरचा रस्ता जानेवारीतल्या पहाटे पाहण्यासारखा असतो. मफलर गुंडाळलेले प्राध्यापक, डॉक्टर, व्यापारी चालत असतात. साखर आणि रक्तदाब ताब्यात राहावा हा त्यांचा हेतू. त्याच रस्त्यावर पोलीस भरतीची तयारी करणारी खेड्यातली मुले-मुली धावतात. मुलांना सोळाशे मीटर, मुलींना आठशे. सेकंदांवर नोकरी अवलंबून, म्हणून ती पुरी शक्ती लावून धावतात. थोड्या वेळाने कापसाला आणि हळदीला निघालेल्या बायका डोक्यावर भाकरीचे गाठोडे घेऊन त्याच रस्त्याने जातात. आणि काही घरांना तोपर्यंत कुलूप लागलेले असते, कारण माणसे कोयते घेऊन ऊसतोडीला गेलेली असतात. हालचाल एकच, पाय उचलून पुढे टाकण्याची. अर्थ मात्र वेगवेगळे. एकासाठी ती व्यायाम आहे, दुसऱ्यासाठी परीक्षा, तिसऱ्यासाठी मजुरी. व्यायाम हा शब्दच मुळी श्रमातून सुटका झालेल्या देहाचा शब्द आहे.

अण्णाभाऊ साठे यांचे उदाहरण येथे निर्णायक ठरते. वाटेगावाहून मुंबईपर्यंतची बालपणीची पायपीट, गिरणीतले काम, मोर्चे, शाहिरी आणि या साऱ्यांतून १९५९ ची ‘फकिरा’. कादंबरीला फावला वेळ लागतो या विधानाला त्यांनी खोडून काढले असे नाही. तो न मिळाल्यास काय किंमत मोजावी लागते हे त्यांनी दाखविले. १९६९ मध्ये, पन्नाशीही गाठण्यापूर्वी, ते गेले. अर्धशक्तीची चैन त्यांना कधीच परवडली नाही. त्यांच्या जीवनाला ‘साधना’ म्हणून गौरविणे सोपे आहे. ते जीवन तसे जगावे लागले यात समाजाचा दोष आहे हे म्हणणे अधिक प्रामाणिक ठरेल.

मग फावला वेळ असलेल्या कादंबरीकाराने अपराधी भावनेने चालणे सोडावे काय? तसे केल्याने कोणाचेही ओझे हलके होत नाही. मार्ग वेगळा आहे आणि तो गो. नी. दांडेकरांच्या उदाहरणातून दिसतो. कोवळ्या वयात घर सोडलेल्या, नर्मदा परिक्रमा केलेल्या, किल्ल्यांवर आयुष्यभर चढणाऱ्या या लेखकाची पायपीट स्वास्थ्यासाठी नव्हती. तिने त्यांना निसर्गवर्णने दिली असे सामान्यतः म्हटले जाते. तिने त्याहून मोठे काही दिले : माणसांची बोली. ‘पडघवली’चा कोकण, ‘जैत रे जैत’मधील ठाकर, पवनाकाठचा मावळ यांची भाषा खोलीत बसून मिळणारी नव्हे. चालणाऱ्याने ऐकले, म्हणून ते साधले. दांडेकरांच्या भावुकतेविषयी मतभेद होऊ शकतील. त्यांच्या कानांविषयी होऊ नयेत.

येथे वाचनाचे खरे स्थान निश्चित करता येते. केवळ चालणारा लेखक रस्त्यावरच्या माणसांना दृश्य बनवितो. हळदीच्या शेतातली बाई त्याच्या गद्यात पिवळ्या रंगाचा ठिपका होऊन राहते. तिच्या मजुरीचा, कर्जाचा, स्थलांतराचा इतिहास ठाऊक होण्यासाठी वाचावे लागते. केवळ वाचणारा लेखक तिला सिद्धांताचे उदाहरण बनवितो. ती कशी बोलते हे ठाऊक होण्यासाठी रस्त्यावर यावे लागते. वाचन आणि चालणे ही परस्परांची दुरुस्ती होय, आणि कादंबरी ही दुरुस्ती जेथे नोंदविली जाते ती जागा.

यावरून एवढे म्हणता येईल की, लेखन, वाचन आणि व्यायाम यांच्या संतुलनाचा हिशेब घड्याळावर मांडून पुरा होत नाही. अर्धशक्ती हा त्याचा पहिला नियम. तो विवेकाचा आहे आणि स्वतःच्या देहापुरता आहे. दुसरा नियम ऋणाचा आहे. जी अर्धी शक्ती लेखकाला राखता आली ती कोणीतरी पुरी शक्ती खर्च केल्यामुळे राखता आली, याचे भान त्याच्या कादंबरीच्या प्रस्तावनेत किंवा अर्पणपत्रिकेत असून भागणार नाही. ते तिच्या संवादांत, कालरचनेत, कोणाच्या दिवसाला किती पाने मिळतात या वाटपात दिसावयास हवे. हिंगोलीच्या हिवाळ्याविषयीच्या कादंबरीत प्राध्यापकाच्या पहाटेला एक प्रकरण आणि वेचणीच्या बाईच्या दिवसाला एक ओळ मिळत असेल, तर त्या कादंबरीकाराने आपला दिनक्रम कितीही नेटका सांभाळलेला असो, त्याचे संतुलन बिघडलेले आहे.