शेजारधर्म आणि स्वयंपाकघराची खिडकी

गेल्या नाताळच्या आदल्या दिवशीची गोष्ट. आम्ही मोशीला एका सोसायटीत सातव्या मजल्यावर राहतो. माझा मुलगा चाकणच्या एका कारखान्यात नोकरीला आहे. दिवाळीच्या बोनसमधून त्याने घरात एअर फ्रायर आणला होता आणि त्याच्याच हौसेखातर त्या दुपारी मी त्यात बीफ रोस्ट करावयास घेतले होते. "आई, खिडक्या लावून घे. हे सगळं बंद डब्यात भाजतं. वास बाहेर जात नाही, कोणाला कळणारसुद्धा नाही," असे त्याने मला बजावले होते. मी खिडक्या लावल्या. परंतु लसूण-मिरीचा आणि भाजत्या मांसाचा वास माणसाच्या आज्ञेत थोडाच असतो! तेवढ्यात समोरच्या मावशी आमचे पातेले परत द्यायला दारात आल्या.

"काय शिजतंय बाई?" त्यांनी सहज विचारले.

मी तीस वर्षे शाळेत मुलांना खरे बोलावयास शिकवले. म्हणूनच मावशी मला 'बाई' म्हणतात. त्या दिवशी मात्र माझ्या तोंडून उत्तर गेले, "मटण आहे, मावशी."

घटना एवढीच. मावशी हसल्या आणि निघून गेल्या. रात्री नाताळच्या मिस्साला उभी असताना तो एक शब्द मात्र माझ्या घशात अडकून राहिला. मी खोटे का बोलले, या प्रश्नाचा मी पुढे बरेच दिवस विचार केला. तो विचार आपल्या अनेक कुटुंबांच्या उपयोगी पडेल असे वाटते, म्हणून येथे मांडते.

कायद्याच्या भीतीने मी खोटे बोलले नाही, हे प्रथम सांगितले पाहिजे. महाराष्ट्रात १९७६ च्या कायद्याने गोहत्येस बंदी झाली. पुढे विधिमंडळाने १९९५ साली संमत केलेल्या दुरुस्तीला २०१५ साली राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि ती बंदी बैल व वळू यांनाही लागू झाली. म्हैस आणि रेडा या बंदीत येत नाहीत. त्यामुळे आपल्याकडे आज कायदेशीर दुकानात 'बीफ' म्हणून जे मिळते ते म्हशी-रेड्याचे मांस असते. माझ्या घरातही तेच होते. मग लपविण्याजोगे काय होते?

मी स्वतःला पहिले उत्तर दिले ते असे : मावशींचे मन दुखावू नये म्हणून. मावशी माळकरी आहेत. आमच्या एका बाजूला आळंदी, दुसऱ्या बाजूला देहू. आषाढीच्या वारीच्या दिवसांत हा सारा परिसर टाळ-मृदंगाने दुमदुमतो. अशा ठिकाणी शेजाऱ्याच्या श्रद्धेचा मान राखणे हे ख्रिस्ती माणसाचे कर्तव्यच आहे. त्याला संत पौलाचा आधारही आहे.

करिंथ शहरात इ. स. ५५ च्या सुमारास हाच प्रश्न निर्माण झाला होता. तेथे बाजारात विकले जाणारे मांस पुष्कळदा देवळात मूर्तीला वाहिलेल्या जनावरांचे असे. ते ख्रिस्ती माणसाने खावे की खाऊ नये? पौलाने करिंथकरांस पाठविलेल्या पहिल्या पत्राच्या आठव्या व दहाव्या अध्यायांत, तसेच रोमकरांस पाठविलेल्या पत्राच्या चौदाव्या अध्यायात याचे उत्तर सापडते. अन्न स्वतः अशुद्ध नसते, बाजारात मिळेल ते खाण्यास माणूस मोकळा आहे. परंतु आपल्या खाण्याने दुसऱ्याच्या सदसद्विवेकाला ठेच लागत असेल, तर प्रीतीखातर तो मोकळेपणा सोडून द्यावा, असा त्याचा आशय. स्वतःपुरते तर पौल म्हणतो की, भावाला ठेच लागणार असेल तर आपण कधीच मांस खाणार नाही.

हा उपदेश मी पुन्हा वाचला तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. पौल 'खा' म्हणतो आणि 'सोड' म्हणतो. 'खिडक्या लावून खा आणि विचारले तर दुसरेच नाव सांग' असे तो कोठेही म्हणत नाही. त्याने सांगितलेला त्याग मोकळ्या माणसाचा त्याग आहे. आपणही उत्तम शुक्रवारी मांस वर्ज्य करतो, ते मांस अपवित्र आहे म्हणून नव्हे, तर प्रभूच्या दुःखसहनाच्या स्मरणार्थ. त्या दिवशी कोणी विचारले तर आपण मान वर करून सांगतो की, आज आमचा उपवास आहे. प्रेमाने सोडलेली वस्तू आणि भीतीने लपविलेली वस्तू बाहेरून अगदी सारख्याच दिसतात, कारण दोन्ही शेजाऱ्याच्या नजरेस पडत नाहीत. त्यांतील फरक कळतो तो शेजाऱ्याने प्रश्न विचारल्यावर.

येथे माझ्यातील मास्तरीण वकिली करू लागली. मी खोटे असे काय बोलले? आमच्या माहेरच्या गावी बीफला 'मोठ्याचे मटण' म्हणतात. मी फक्त पहिला शब्द गाळला! ही पळवाट जुनीच आहे. बोलताना अर्धे वाक्य ओठांवर आणि उरलेले मनात ठेवावे, म्हणजे खोटे बोलल्याचे पाप लागत नाही, असा युक्तिवाद सतराव्या शतकातील काही पंडित करीत असत. पोप अकरावे इनोसंट यांनी १६७९ साली त्या मताचा निषेध केला. अर्थात प्रत्येक गोष्ट प्रत्येकाला सांगितलीच पाहिजे असेही ख्रिस्तसभा म्हणत नाही. ज्याला जाणून घेण्याचा हक्क नाही त्याच्यापुढे सत्य उघड करण्याचे बंधन नाही, असे १९९२ साली प्रसिद्ध झालेला कॅथॉलिक धर्मशिक्षणग्रंथ सांगतो. मौनाला जागा आहे, असत्याला नाही. "सणाचा स्वयंपाक चाललाय, मावशी," एवढे म्हटले असते तरी भागले असते. मी तेवढ्यावर थांबले नाही. मी दुसरे नाव पुढे केले. ते का?

या प्रश्नाने मला माझ्या आजीच्या दारात नेऊन उभे केले. आमचे मूळ घर आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जेजुइट धर्मगुरूंनी त्या भागात जी मिशन केंद्रे उघडली, त्यांतून आमच्या घराण्यात श्रद्धा आली. आजीचे घर गावकुसाबाहेर होते. तिच्या दारात दोरीवर मांसाच्या लांब चिरोट्या वाळत असत. त्यांना 'चान्या' म्हणत. पावसाळ्यात घरात दुसरे काही नसले की ती त्या भाजून, कुटून भाकरीबरोबर वाढी. गावातली माणसे त्या दोरीवरून आमची जात ओळखीत. वडील कारखान्यातल्या नोकरीसाठी पिंपरीला आले आणि ती दोरी मागे राहिली.

या अन्नाचा इतिहास मानहानीने भरलेला आहे. १९२७ साली महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मेलेल्या जनावराचे मांस खाणे सोडण्याचे आवाहन केले, ते स्वाभिमानासाठी. २०१५ साली शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकात मराठवाड्यातील दलितांच्या खाद्यसंस्कृतीची नोंद केली, तीही स्वाभिमानासाठीच. एकाने सोडावयास सांगितले, दुसऱ्याने लिहून ठेवले. दोघांनीही मान खाली घालावयास सांगितले नाही. मी मात्र सातव्या मजल्यावर, नव्या कोऱ्या यंत्रासमोर मान खाली घातली. मावशींच्या श्रद्धेचा मान राखण्याच्या नावाखाली मी आजीची दोरी लपवीत होते. मला मावशींच्या दुखावण्याची काळजी जितकी होती, त्याहून अधिक त्यांच्या नजरेतून उतरण्याची भीती होती. शेजारप्रेमाचा झगा घालून आत लाज बसली होती. हे ओळखणे मला जड गेले, पण ओळखल्यावर मन हलके झाले.

नाताळच्या दुसऱ्या दिवशी वेगळ्या कढईत, अंडे न घालता केलेल्या करंज्या व शंकरपाळ्या घेऊन मी मावशींकडे गेले आणि म्हणाले, "मावशी, परवा मी तुमच्याशी खोटं बोलले. ते मोठ्याचं होतं. म्हशीचं."

मावशी थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "वासावरनं कळलं होतं बाई. मलाच वाटलं, उगा विचारलं." आणि मग त्यांनी जे सांगितले ते मला ठाऊक नव्हते. त्यांची खेड तालुक्यातील जमीन कारखान्यांसाठी गेली, तेव्हा दारातली बैलजोडीही विकावी लागली. "चाकणच्या बाजारात सोडून आलो त्यांना. म्हातारे बैल कोण कशाला घेतो, ते काय आम्हाला कळत नव्हतं? त्या रात्री घरात कोणी जेवलं नाही. पण गावात सांगितलं, पाहुण्यांकडं दिलेत." एवढे बोलून त्यांनी करंजी उचलली.

आम्हा दोघींच्याही घरात एकेक बंद खिडकी होती. त्यांच्या दुःखाला माझ्या रोस्टने उत्तर मिळत नाही, आणि माझ्या आजीच्या दोरीला त्यांच्या माळेने बाधा येत नाही. परंतु खरे बोलल्यावाचून दोघींनाही एकमेकींचे मन कळले नसते.

आता रोस्टविषयी. नाताळचा तो रोस्ट फसला होता, हेही प्रामाणिकपणे सांगते. मांडीच्या मांसाचा एक किलोचा तुकडा मी २०० अंशांवर चाळीस मिनिटे भाजला. तो वरून करपला आणि आत चामड्यासारखा राहिला. कारण साधे आहे. २०१० साली फिलिप्स कंपनीने बर्लिनच्या प्रदर्शनात प्रथम मांडलेले हे यंत्र म्हणजे एक लहानशी भट्टी. वर तापणारी तार आणि गरम हवा फिरविणारा पंखा. कोरडी हवा मांसातील पाणी ओढून घेते. म्हशीच्या मांसात चरबी कमी आणि मोठ्या जनावराचे स्नायू जून. त्यांतील चिवट तंतू विरघळतात ते मंद आचेवर, ओलाव्यात आणि सवडीने.

म्हणून ईस्टरला मी निराळी रीत केली. आदल्या रात्री मांसाला मीठ, लसूण, मिरी आणि थोडा व्हिनेगर लावून ठेवले. सकाळी अर्धी वाटी पाणी घालून कुकरमध्ये मंद आचेवर अर्धा तास शिजविले. मग एअर फ्रायरमध्ये १८० अंशांवर दहा-बारा मिनिटे, केवळ वरून लाली येण्यापुरते. त्यानंतर दहा मिनिटे झाकून ठेवून धाग्यांना आडवे काप केले. मांस लोण्यासारखे झाले. पण कुकरच्या शिट्टीने साऱ्या मजल्याला वर्दी दिली! वास लपवू पाहणाऱ्या यंत्राने मला एकट्याने कधी मऊ मांस दिले नाही.

त्या दिवशी मी खिडकी उघडीच ठेवली. याचा अर्थ सर्वांनी असेच करावे असा नाही. आमच्या घरी एकादशीला हे मांस शिजत नाही, त्याचा कचरा आम्ही उघडा टाकीत नाही, आणि पाहुण्यास न सांगता ते कधी वाढीत नाही. ही बंधने आम्ही स्वखुशीने घातली आहेत आणि ती कोणालाही सांगण्याची आमची तयारी आहे. एखाद्या कुटुंबाला शेजारासाठी हे अन्न घरात आणणेच सोडावेसे वाटले, तर तोही पौलाचाच मार्ग. आपण काय खातो यावरून देव आपल्याला जवळ करीत नाही की दूर लोटीत नाही. मात्र शेजाऱ्याने दारात उभे राहून सहज काही विचारले, तर आपण त्याला काय उत्तर देतो, हे तो ऐकत असतो. आपल्या मुलांना खिडकी लावावयास सांगण्यापूर्वी आपण ती कोणासाठी लावीत आहोत, एवढे स्वतःला विचारावे.