आभाळाकडे मागताना

रावेर तालुक्यात एक केळीवाला शेतकरी होता. खानदेशचा माणूस उन्हाला भीत नाही. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला तरी तो डोक्याला रुमाल गुंडाळून बागेत जातो. हा शेतकरी भीत होता थंडीला. पारा १० च्या खाली उतरला की केळीची वाढ थांबते, घड निसवताना अडकतात, सालीवर काळपट झाक येते. मग तो आणि त्याचा सालदार रात्ररात्र बागेला पाणी देत, बांधावर काडीकचरा पेटवून धूर करत. धुराने डोळे चुरचुरले की शेतकरी म्हणे, "ही थंडी एकदाची मरू दे."

त्याच्या पोरांना मात्र बर्फ बघायचा होता. एका वर्षी केळीला बरा भाव मिळाला. फेब्रुवारी लागताच शेतकरी, त्याची बायको, दोन पोरं आणि म्हातारी आई जळगावला झेलम एक्स्प्रेसमध्ये बसले. जम्मूला उतरले, घाट ओलांडून श्रीनगरला पोहोचले. दुसऱ्या दिवशी सकाळी तंगमर्गला भाड्याचे लांब कोट आणि गमबूट चढवून सगळे गुलमर्गला गेले.

तिथे गोंडोला, म्हणजे तारेवरचा पाळणा, थेट अफरवट डोंगराच्या खांद्यापर्यंत नेतो. तयारीचे लोक तिकडून घसरत खाली येतात. नवशिक्यांसाठी पायथ्याशी सौम्य उतार आहे. पोरांनी तोच पसंत केला. शिकवायला पन्नाशीचा एक काश्मिरी गृहस्थ मिळाला. त्याने बर्फावर घसरायच्या लांब फळ्या पायांना अडकवून दिल्या आणि आधी सगळ्यांना मुद्दाम पाडलं. पडून उठता आल्यावर म्हणाला, "आता पुढची टोकं जवळ, टाचा लांब, गुडघे वाकवा. फळ्या अशा धरल्या की वेग मोडतो." मग पोरीचे दोन्ही हात धरून तो स्वतः उलटा चालत उतरू लागला. पोरगी तिसऱ्या खेपेला एकटी उतरली. पोरगा पडला, हसला, पुन्हा पडला. शेतकऱ्याची बायको पदर कोटात खोचून सावकाश उतरली आणि नीट थांबलीसुद्धा. शेतकरी थांबायचं विसरला आणि घसरत थेट आईच्या लाकडी घसरगाडीपाशी जाऊन आडवा झाला. "नांगर धरायला शिकला तेव्हाही असाच पडायचा," म्हातारी गाडी ओढणाऱ्याला मराठीतच सांगत होती. त्याला कळलं की नाही कोण जाणे, तो मान डोलवत होता.

दुपारी सगळे कहवा प्यायला बसले. काश्मिरी गृहस्थाने आभाळाकडे पाहिलं आणि हात वर केले. "या अल्ला, आज आणखी बर्फ पाड."

"नको, नको!" शेतकऱ्याच्या तोंडून एकदम निघून गेलं.

गृहस्थ चमकला. शेतकरी ओशाळला आणि आपल्या हिंदीत समजावू लागला. "चाचा, तुमच्याकडे बर्फ पडला की दोन-तीन दिवसांनी वारा आमच्याकडे वळतो. इथली थंडी आमच्या बागेत उतरते. आमची केळी काळी पडते."

गृहस्थ बराच वेळ कपात बघत राहिला. मग म्हणाला, "भाईसाब, २०२४ चा जानेवारी आला आणि इथे बर्फच नव्हता. हे सगळं मैदान तपकिरी गवताचं. लोक यायचे, बघायचे आणि परत जायचे. फळ्या भिंतीला टेकलेल्या. पण ते जाऊ द्या. खाली माझी सफरचंदाची थोडी झाडं आहेत. हिवाळ्यात शेकडो तासांची कडक थंडी मिळाली नाही, तर वसंतात त्यांना नीट फुलोरा येत नाही. हा बर्फ वितळून ओढ्याला येतो, तेच पाणी उन्हाळ्यात झाडांना मिळतं. त्या महिन्यात मी रोज बर्फ मागत होतो."

"आणि मी त्याच महिन्यात थंडी मरू दे म्हणत होतो," शेतकरी म्हणाला.

म्हातारीने विचारलं, काय म्हणतोय हा माणूस? लेकाने सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे हाही बागवालाच की."

प्रत्येक जण आपल्या बांधावर उभा राहून आभाळाकडे मागतो आणि आभाळही आपल्या बांधाएवढंच आहे असं धरून चालतो. शेतकऱ्याला पलीकडचा बांध त्या दिवशी दिसला. म्हणून त्याची बाग काही थंडीतून सुटणार नव्हती.

चारच्या सुमाराला ढग खाली आले आणि बर्फ पडू लागला. पोरं तोंड उघडून गोल गोल फिरू लागली. शेतकऱ्याने आडोसा पाहून सालदाराला फोन लावला. "भाऊ, परवापासून गारठा येईल. काडीकचरा आत्ताच बांधावर गोळा करून ठेव. रात्रीचं पाणी चुकवू नको. निसवलेल्या बागेला आधी दे."

"तुम्हाला तिथं बसून कसं कळलं?" सालदाराने विचारलं.

"ज्यांनी हा गारठा मागवला त्यांच्या शेजारीच उभा आहे," शेतकरी म्हणाला.

काश्मिरी गृहस्थाला मराठी येत नव्हती, पण 'पाणी' आणि 'बाग' त्याला समजले असावेत. "आज बस करूया का? तुमचं चित्त बागेत असेल," तो म्हणाला.

"बागेत सालदार आहे," शेतकरी म्हणाला. "तुम्ही मला ते थांबायचं पुन्हा एकदा दाखवा."

आणि त्याने फळ्या अडकवायला पाय पुढे केला.